आजारातून उठलेले मूल आणि शाळेचा उंबरठा

मिरजेच्या रुग्णालयांतून जत, आटपाडी, माण, खटाव अशा दूरच्या गावी एसटीने परतणाऱ्या आईबापांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘आधी पुरता बरा होऊ दे, मग शाळेचं बघू.’ या वाक्यामागील माया निःसंशय खरी आहे. समजूत मात्र चुकीची आहे, आणि तिच्यापायी मुलाची मोलाची वर्षे सोप्यातल्या खाटेवर जातात.

रक्ताच्या कर्करोगाचेच पाहा. मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार सुमारे दोन ते तीन वर्षे चालतात. तथापि रुग्णालयाच्या सततच्या खेपांचे पहिले काही महिने सरले की पुढील दीर्घ काळ बहुतांशी घरी घ्यावयाच्या गोळ्यांचा असतो, आणि रक्ततपासणी समाधानकारक असल्यास डॉक्टर त्याच काळात शाळेस अनुमती देतात.

‘आजार आमच्या मुलांना लागेल’ हा समज अधिक क्रूर. कर्करोग कोणाच्या शेजारी बसल्याने होत नाही. क्षयाविषयीच्या भयाला इतिहास आहे : मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे व पाचगणीचे आरोग्यधाम उभे राहिले तेव्हा या रोगावर औषधच नव्हते, विश्रांती, मोकळी हवा आणि विलगता एवढेच वैद्यकाच्या हाती होते. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि ते युग मागे पडले. भय मात्र गावोगाव मागे राहिले. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयात नियमित उपचार सुरू झाल्यावर सामान्यतः दोनएक आठवड्यांत संसर्गाचा संभव अत्यल्प होतो. शिवाय लहान मुलांच्या कफात जंतू थोडे असल्याने त्यांच्यापासून इतरांना बाधा क्वचितच होते. डॉक्टरांचा दाखला हाती असताना त्या मुलाला कोपऱ्यात निराळे बसविणे हा शुद्ध अन्याय होय.

कर्करोगाच्या औषधांवर असलेल्या मुलाच्या बाबतीत धोका उलट दिशेने असतो. वर्गात कोणाला कांजिण्या वा गोवर निघाला तर ती वार्ता त्याच दिवशी त्याच्या घरी पोहोचली पाहिजे, आणि त्याला ताप भरला तर शाळा सुटण्याची वाट न पाहता पालकांना बोलावले पाहिजे.

वर्षभर गैरहजर राहिल्यास नाव कायमचे जाते, अशीही धास्ती असते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. आणि शिक्षण अर्धवट सुटून पट तुटलाच, तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश व मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा, सोबत रुग्णालयाचे कागद जोडावेत.

राहिला तो दयेचा गैरसमज. केस गळालेल्या मुलीला ‘तुला काही करायचं नाही हं, नुसती बस’ असे गुरुजी म्हणतात, तेव्हा तिला आपण अजून दवाखान्यातच आहोत असे वाटते. थकवा येतो, लक्ष लवकर उडते, हे खरे. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनच तास बसवावे, दप्तर हलके ठेवावे, वर्ग माडीवर असल्यास खाली आणावा. तिच्या आजाराविषयी वर्गाला काय सांगायचे हे आधी तिला विचारावे. आईने बांधलेला रुमाल डोक्यावर ठेवायचा की काढायचा, हेही तिनेच ठरवावे. आणि हजेरी घेताना तिचे नाव इतरांच्याच आवाजात घ्यावे. ‘हजर’ हा शब्द उच्चारण्यासाठी ती किती महिने थांबली आहे, हे तिला ठाऊक असते.