खिळ्याच्या आत

बिघडलेल्या स्पीकरमधला काळा, गोल चुंबक दोरीला बांधून लहानपणी आम्ही बांधकामाच्या वाळूवरून ओढत न्यायचो. दहा पावलांत त्याला मिशा फुटायच्या. मॅग्नेटाइटचे ते काळे कण बोटांनी पुसले तरी जात नसत. सगळ्या वाळूतून नेमके तेवढेच कसे ओळखले, याचं तेव्हा वाटलेलं नवल अजून सरलेलं नाही.

आपल्या पूर्वजांनाही हे प्रेमप्रकरणच वाटलं असावं. ‘चुंबक’ म्हणजे चुंबन घेणारा. संस्कृतातलं नाव तर आणखी गोड: अयस्कांत, लोखंडाचा प्रियकर! ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सल्ला देतो, की अयस्कांताने लोखंड ओढावं तसं उमेच्या रूपाने शंकराचं समाधिस्थ मन ओढून घ्या. म्हणजे ‘चुंबकीय व्यक्तिमत्त्व’ हा आजच्या सूत्रसंचालकांचा लाडका शब्दप्रयोग इंग्रजीतून आला असेल, पण त्यामागची कल्पना कालिदासाला ठाऊक होती.

मात्र कौतुक सगळं चुंबकाचं होतं. लोखंडाकडे कुणी पाहत नाही. खरी गंमत तिथेच आहे. साध्या खिळ्यातला प्रत्येक अणू स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो, मुख्यतः त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणधर्मामुळे. शेजारशेजारचे असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. वारीतल्या दिंड्याच म्हणा ना. फक्त एका दिंडीचं तोंड आळंदीकडे, दुसरीचं देहूकडे, तिसरीचं भलतीकडेच. त्यामुळे बेरीज शून्य, आणि खिळा आपला गरीब बिचारा. चुंबक जवळ आला, की त्याच्या दिशेला तोंड असलेली दिंडी फुगू लागते, शेजारच्या दिंडीतले अणू कडेकडेने वळून तिच्यात सामील होतात. खिळा आता स्वतःच चुंबक झालेला असतो. म्हणूनच त्याच्या टोकाला टाचणी लटकते. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, की मात्र दिंड्या मोडतात आणि ही ओढ संपते.

आणि लोखंड असलं म्हणजे झालं, असंही नाही. फ्रिजवरचा चुंबक काढून घरातल्या स्टीलच्या भांड्यांना लावून बघा. काही भांडी त्याला धरतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. दोन्हींत लोखंडच जास्त. पण न चिकटणाऱ्या स्टीलमध्ये बहुधा निकेल मिसळून अणूंची मांडणीच बदललेली असते. तिथे दिंडी जमतच नाही.

ओढ चुंबकापेक्षा ओढल्या जाणाऱ्यात असते. माणसांच्या बाबतीत याचा शोध चुकूनच लागला. व्हिएन्नाचा डॉक्टर मेस्मेर १७७४मध्ये रुग्णांच्या अंगाला चुंबक लावून उपचार करू लागला. पुढे त्याने चुंबक बाजूला ठेवले. शक्ती आपल्याच देहात आहे म्हणाला. १७७८मध्ये तो पॅरिसला आला आणि शहर वेडं झालं. लोखंडी दांडे बसवलेल्या लाकडी पिंपाभोवती बसलेल्या बायाबापड्यांना झटके यायचे, रडू फुटायचं. आपल्याकडे ‘मोहिनीविद्या’ म्हणून पोचली ती याच घराण्यातली.

१७८४मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता. फ्रँकलिनच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड मेस्मेरच्या शिष्याने ‘चुंबकित’ केलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडाशी नेलं. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला, पुढे डोकं दुखू लागलं, आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्धच पडला.

त्या चारांत जर्दाळूचं ते झाड नव्हतंच. उलट तिसऱ्या झाडापर्यंत तर पोरगं त्याच्यापासून लांब लांबच चाललं होतं.