हळदीचा डाग

सदऱ्यावरचा वरणाचा पिवळा डाग धुण्याचा साबण लागताच तांबडा होतो. असे का होते? हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्ल व उदासीन द्रावणात पिवळे, तर आम्लारी द्रावणात तांबडे दिसते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते तेही यामुळेच. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यांना इजा होते.

लहान मुलांना ओली हळद कागदावर फासू द्या. कागद वाळला की साबणाच्या पाण्यात बोट बुडवून चित्र काढू द्या. मग त्यावर लिंबू पिळा. काय होईल, ते आधी सांगू नका.

हात, कपडे, फरशी पिवळी होणारच. म्हणून प्रयोग टाळू नये. हळद उन्हात फिकी पडते. एक कागद उन्हात, एक कपाटात ठेवून चार दिवसांनी मुलांनाच फरक विचारा.