आंब्यावरची सीतेची वेणी

मे सरता सरता कोकणातल्या जुन्या आंब्याफणसांवरून फुलांचे हातभर लांब घोस लोंबू लागतात. ही सीतेची वेणी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि भरदार घोसात शंभराहून अधिक फुलं! आसाममध्ये हेच कपौ फूल. बिहू नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात. आसामचं ते राज्यफूल आहे.

आपल्याकडे मात्र बांडगूळ समजून तिच्यावर कोयता चालवला जातो. हा शुद्ध अन्याय आहे. बांडगूळ सालीतून आत शिरून झाडाचं पाणी आणि क्षार शोषतं. ही आमरी, म्हणजे ऑर्किड, सालीला नुसती धरून बसते. अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते.

पण फांदीवर ना माती, ना पाण्याचा साठा. मग ती जगते कशी? त्यासाठी तिची मुळं पाहावीत. जाडजूड, रुपेरी-राखाडी, काही सालीला चिकटलेली, काही सरळ हवेत लोंबणारी. त्यांच्यावर मृत पेशींचं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. एरवी या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसतं. पावसाची सर आली की आवरण स्पंजासारखं पाणी टिपून घेतं, पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. कोरड्या मुळावर थोडं पाणी शिंपडून बघा, रंग डोळ्यांदेखत हिरवा होतो. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातले क्षारही याच वाटेनं मिळतात.

खरी परीक्षा बियांची. त्या धुळीइतक्या बारीक, वाऱ्यावर सहज उडणाऱ्या; पण त्यांच्यात अन्नाची शिदोरी जवळपास नसतेच. योग्य बुरशी भेटली, तिनं अन्न पुरवलं, तरच निसर्गात बी रुजतं. बहुतेक बिया वाया जातात. रुजलेल्या रोपालाही फुलावर यायला काही वर्षं लागतात. म्हणूनच एक जुना आंबा तोडला की त्याच्यावरच्या आमऱ्यांची कित्येक वर्षांची वाढही त्याच्याबरोबर जाते.

हौसेखातर रानातली रोपं ओरबाडून आणू नका. वादळात मोडलेल्या फांदीवर मात्र सीतेची वेणी दिसली, तर तिची मुळं न दुखवता ती जवळच्याच खरबरीत सालीच्या झाडाला काथ्यानं बांधा. पावसाळ्याच्या तोंडाशी बांधलीत, तर नवी मुळं साल धरतात.