आधी निदान, मग पाना

बालाघाटच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे मोठे कारखाने थोडे, पाऊस बेभरवशाचा आणि गावे एकमेकांपासून दूर, तेथली मालवाहतूक स्वभावतःच लहान लहान खेपांची आहे. भूम-कुंथलगिरी भागातला खवा भट्टीवरून उतरला की लगेच निघावा लागतो. सोयाबीनची पंधरा-वीस पोती मोंढ्यात आडत्याकडे पोहोचवायची असतात. शेळ्या बाजाराला न्यायच्या, टंचाईच्या गावाला कडबा धाडायचा, येरमाळ्याच्या यात्रेसाठी मंडपाचे सामान हलवायचे, आणि यांपैकी एकाही कामाला दहाचाकी ट्रक परवडत नाही. रेल्वेचा आधारही या मुलखाला उशिरा लाभला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९११ मध्ये लातूरला पोहोचली ती येडशी-ढोकीवरून. निजामी अंमलातले जिल्ह्याचे मुख्य ठाणे तिने बाजूलाच ठेवले, आणि धाराशिव शहराला स्वतःचे स्थानक मिळाले ते ब्रॉडगेजसाठी मार्ग वळवला गेल्यानंतर, एकविसाव्या शतकात. ही उणीव ज्यांनी भरून काढली त्यांत एस.टी.च्या खालोखाल मान द्यावा लागेल तो पिकअप गाड्यांना, आणि एम.एच. २५ हा क्रमांक मिरवणाऱ्या या गाड्यांपैकी ज्या वयाने जुन्या आहेत, ज्यांचे कर्ज फिटले आहे पण ज्यांच्यावर घर चालते आहे, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

त्यांची वंशावळ पाहिली म्हणजे त्यांचे दोषही समजू लागतात. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि लष्करी कामासाठी जन्मलेली ती गाडी शेतकऱ्याच्या आणि तहसीलच्या कामाला लागली. पुढे तिच्याच सांगाड्याच्या परंपरेत माल वाहणाऱ्या अनेक गाड्या निघाल्या. त्यांच्यापैकी काहींत प्यूजोच्या परवान्याने बनलेले २,११२ सी.सी.चे इंजिन होते, तर काहींत इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या कुळातले डी.आय. इंजिन, जे पुढे २,५२३ सी.सी.चे होऊन बोलेरो पिकअपपर्यंत चालत आले. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल आणली आणि त्या घराण्यातून २०७ डी.आय. आली, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर त्यांच्याही आधीची, आणि २००५ मध्ये आलेला टाटा एस, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो, तो ७०२ सी.सी.च्या दोन सिलिंडरांवर अरुंद गल्लीबोळांत शिरू लागला. या सर्वांना जोडणारी गोष्ट एकच: त्यांचा डिझेल पंप यांत्रिक होता. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस. ४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ ही मानके अनिवार्य झाली, आणि संगणकाच्या हुकमावर चालणारी कॉमन रेल प्रणाली सार्वत्रिक झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांतील बिघाड मात्र कान, डोळे, नाक आणि चौदा-पंधराचा पाना एवढ्या साधनांनी शोधता येतो. आणि मालक स्वतःच चालक असल्यामुळे तो त्यालाच प्रथम शोधावा लागतो.

माझे आग्रहाचे म्हणणे येथेच आहे. या गाड्यांवर जो खर्च वाया जातो त्याचा मोठा भाग दुरुस्तीचा नसून चुकलेल्या निदानाचा असतो. गाडी सुरू होत नाही म्हणून बॅटरी बदलली, तरी होत नाही म्हणून सेल्फ खोलला, मग पंप काढून शहरात धाडला, आणि अखेरीस दोष निघाला तो टाकीच्या झाकणाच्या बुजलेल्या छिद्रात, अशी उदाहरणे गॅरेजांच्या दारात नित्य ऐकायला मिळतात. दोष कोठे नाही हे आधी निश्चित करावे, स्वस्त तपासणी महाग तपासणीच्या आधी करावी, आणि कारण हाती लागेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये, हा शिरस्ता जो पाळतो त्याची जुनी गाडी नव्या गाडीहून किफायतशीर ठरते.

डिझेलचा प्रवास हे याचे उत्तम उदाहरण. टाकीतून निघालेले तेल फीड पंपाने ओढले जाते, फिल्टरमधून गाळले जाते, मुख्य पंपात त्याला दाब मिळतो आणि नोझलमधून ते सिलिंडरमध्ये फवारले जाते. विहिरीचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोहोचत नसेल तर दारे धरणारा शेतकरी जसा पाटाच्या कडेने चालत जाऊन ते कोठवर आले आहे हे पाहतो, त्याच क्रमाने येथे चालत जावे. सेल्फ इंजिन जोमाने फिरवतो आहे, पण धुराची एक रेघही सायलेन्सरमधून येत नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मग प्रथम स्टॉप केबल अडकली आहे काय, आणि पंपावर विजेचा सोलेनॉइड असेल तर त्याला प्रवाह मिळतो काय, हे पाहावे. त्यानंतर फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे येत राहिले आणि थांबलेच नाहीत, तर टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान कोठेतरी हवा शिरते आहे. हा दोष फार फसवा असतो, कारण त्या भागात पंप तेल ओढत असल्यामुळे भेगेतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, आणि कोरडी ठणठणीत दिसणारी नळीच अपराधी निघते. याची सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे टाकीची नळी सोडवून, स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवलेली दुसरी नळी फीड पंपाला जोडणे. इंजिन लागले आणि लागलेलेच राहिले, तर पंप, नोझल वगैरे सर्व मातब्बर संशयित एकदम निर्दोष सुटतात.

गाडी दहा-बारा किलोमीटर नीट चालून बंद पडते आणि घटकाभर थांबल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडावे. आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला तर वर सांगितलेले बुजलेले छिद्रच कारण आहे. पावसाळ्यात, विशेषतः पिंपात साठवलेले डिझेल वापरणाऱ्यांच्या बाबतीत, फिल्टरच्या तळाशी पाणी साचते. ते सोडण्याची चकती बहुतेक फिल्टरांना असते, परंतु ती वर्षानुवर्षे कोणी फिरवलेली नसते.

इंजिन चालते आहे पण एका सिलिंडरने काम टाकले आहे असा संशय आल्यास, मंद गतीवर प्रत्येक नोझलच्या नळीची नट क्रमाक्रमाने, फडके धरून, किंचित सैल करावी. निरोगी सिलिंडरची नट सैल होताच आवाज बदलतो आणि इंजिन थरथरते. ज्याची नट सैल करूनही काही फरक पडत नाही तोच सिलिंडर निष्क्रिय होय. मात्र हात त्या धारेसमोर कधीही आणू नये, कारण जुन्या नोझलांतही दीडशे-दोनशे बारचा दाब असतो आणि त्या दाबाचे डिझेल त्वचा भेदून आत शिरते. कॉमन रेलच्या गाडीवर ही परीक्षा पूर्णतः वर्ज्य समजावी. तेथे हजार बारच्याही वरचा दाब असतो, आणि जुन्या सवयीचा हात तेथे प्राणघातक ठरू शकतो.

धुराचा रंग हा दुसरा मोठा साक्षीदार. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सोयाबीन-तुरीच्या सुगीत मळणी यंत्रांच्या भुसकटाने आणि काळ्या मातीच्या धुळीने एअर फिल्टर गच्च होतो, आणि तेवढ्यासाठी नोझल बदलणारे मालक मी पाहिले आहेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. मंद गतीवर ऑइल भरण्याचे झाकण काढले असता तेथून धापा टाकल्यासारखी वाफ बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे मानण्यास आधार मिळतो, आणि तसे नसेल तर व्हॉल्व्हच्या गाइडकडे व सीलकडे पाहावे. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ दिसून नाहीसा झाला तर काळजीचे कारण नाही. प्यूजोच्या इंजिनाला हीटर प्लग लागतात, त्यांपैकी एखादा निकामी असेल एवढेच. परंतु इंजिन तापल्यावरही तो धूर राहिला, रेडिएटरचे पाणी घटू लागले आणि ऑइलला दुधाळ रंग आला, तर हेडची गॅस्केट गेली आहे, आणि अशा स्थितीत गाडी आणखी एक खेप चालवणे म्हणजे गॅस्केटच्या किमतीत मिटणारे प्रकरण क्रँकपर्यंत नेणे होय.

इंजिन तापण्याचा विकार आमच्या जिल्ह्यात विशेष बळावतो, आणि त्याची कारणे याच भूमीत आहेत. बोअरचे पाणी जड. तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले की क्षारांचा थर नळ्यांच्या आत चढतो. त्यात धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच, म्हणजे उघड्या भांड्यातले पाणी येथे दोनएक अंश आधीच उकळते. रेडिएटरची दाबाची टोपी हा उत्कलनबिंदू पुष्कळ वर नेते. परंतु तिचे रबर चिरले की तो सगळा लाभ जातो आणि सोलापूरकडून भरल्या गाडीने तुळजापूरचा घाट चढताना पाणी उसळते. म्हणून तपासणी टोपीपासून आणि फॅनच्या पट्ट्यापासून आरंभ करावी, जाळीत बसलेले भुसकट व किडे उलट बाजूने पाणी मारून काढावेत, आणि मगच वॉटर पंप व रेडिएटर यांच्याकडे वळावे. तापलेली टोपी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी वहिवाट अनेक गॅरेजांत आहे तिचा मी निःसंदिग्ध निषेध करतो: इंजिन योग्य उष्णतेला न पोहोचता चालत राहिले की डिझेल जास्त जळते आणि सिलिंडर लवकर झिजतात, आणि मूळचा दोष जेथल्या तेथे राहतो.

सेल्फचा प्रश्न याहून सोपा. बटण दाबताना हेडलाइट लावून ठेवावा. तो मालवल्यासारखा मंद झाला तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांवरच्या हिरव्या-पांढऱ्या पुटात आहे, आणि तो झळझळीतच राहिला तर सोलेनॉइड, कार्बन किंवा इंजिनापासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी पाहावी. विश्रांत अवस्थेत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असता १४ च्या जवळ. स्वस्तातल्या मीटरवर हे दोन आकडे पाहता आले तरी निम्मा वाद मिटतो.

पाट्यांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तेथे मालकाचा स्वतःचा लोभ आड येतो. कमानीचा मेन पाटा पुष्कळदा सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी तुटतो. यू-बोल्ट सैल राहिले की पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट कापला जातो आणि ॲक्सल जागचा हलून गाडी तिरकी चालू लागते. नवा पाटा घातल्यावर दोन-चार भरल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळणे आवश्यक असते, आणि हेच नेमके राहून जाते. जास्त माल घालता यावा म्हणून एखाददुसरा पाटा वाढवून घेण्याने वजन नाहीसे होत नाही. ते ॲक्सलवर, चाकाच्या बेअरिंगवर आणि चेसिसच्या सांध्यांवर जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ते ब्रेकवर जाते. भरली गाडी घाट उतरताना केवळ पेडलवर विसंबली तर ड्रम तापतात, जुने आणि पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उकळते आणि पेडल तळाला जाते. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. पेडल मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे. दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल आणि गळती कोठे दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचा रबर गेला आहे. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूचा व्हील सिलिंडर किंवा ग्रीसने माखलेला लायनर पाहावा. ब्रेकच्या बाबतीत निदान मालकाने केले तरी काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे.

इंजिनाचे संपूर्ण काम निघाले म्हणजे गाडी गावाच्या आवाक्याबाहेर जाते. बोअर, हेडचे फेसिंग आणि क्रँकचे ग्राइंडिंग यांसाठी सोलापूर-लातूरच्या लेथवर जावे लागते. क्रँक साधारणतः पाव मिलिमीटरच्या टप्प्याने घासला जातो आणि त्या मापाची बेअरिंगे घातली जातात. तिसऱ्या टप्प्यानंतर बहुधा त्याचे आयुष्य सरते. तेव्हा वापरलेला क्रँक विकत घेणाऱ्याने तो आधी किती घासला गेला आहे हे मायक्रोमीटरने मोजूनच घ्यावे. खोट्या पाकिटातल्या बनावट सुट्या भागांचा उपद्रवही याच टप्प्यावर सर्वाधिक होतो, म्हणून पावतीशिवाय रिंगा आणि बेअरिंगे घेऊ नयेत.

राहता राहिला कायदा. मालवाहू गाडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये योग्यता प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत त्याची मुदत दोन वर्षांची आणि त्यानंतर एकेक वर्षाची असते. सरकारी गाड्यांना १५ वर्षांनंतर १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण नाही. खाजगी मालकाच्या पिकअपला मात्र केवळ वयामुळे भंगारात जाण्याचा हुकूम या जिल्ह्यात नाही, तिने तपासणीत उत्तीर्ण व्हावे एवढीच अट आहे. हा भेद अनेक मालकांना ठाऊक नसतो, आणि दलालाच्या धाकाने चांगली गाडी कवडीमोलाने विकली जाते. बी.एस. ४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्टरिज युनिट आहे. स्वच्छ एअर फिल्टर, तपासलेले नोझल आणि योग्य टायमिंग असलेले सुस्थितीतले जुने इंजिन ती सहसा पाळू शकते. पासिंगच्या तारखेच्या महिनाभर आधी ब्रेक, दिवे, किंगपिनचा ढिलेपणा, टायर आणि मागचे परावर्तक यांची तपासणी मालकाने स्वतः करावी, सापडलेले दोष तारखेसह वहीत लिहावेत, आणि कोणता भाग कोणत्या किलोमीटरला बदलला हेही त्याच वहीत असावे. म्हणजे पुढच्या वेळी गाडी रस्त्यात थांबली तर फिटरने पहिला प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर हाताशी असेल.