गोठ्यातली माउंटन सायकल भंगारात देण्यापूर्वी



१९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या कोल्हापूर भागातल्या पुष्कळ घरांत पोरांच्या हट्टापायी जाड टायरची, सरळ हँडलची सायकल आली. कुणी तिला ‘रेंजर’ म्हणे, कुणी ‘गिअरची सायकल’. पोरे मोठी झाली, दारात मोटारसायकल उभी राहिली आणि ही सायकल गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागे गेली. आता भंगारवाला तिचे किलोवर मोल करतो. आणि त्याच घरातल्या मुलीची एस.टी. चुकली, की त्या दिवसाची शाळा बुडते! म्हणून म्हणतो, सायकल देण्यापूर्वी थोडे थांबा.

गंमत अशी, की माउंटन सायकलचा जन्मच अडगळीतून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यात १९७० नंतर काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या सायकली बाहेर काढल्या आणि डोंगरउतारावर पळवल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. उतरताना मागच्या हबातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई व हब उघडून नवे भरावे लागे. त्यावरून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’ असे पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकल बांधली, आणि १९९६ मध्ये अटलांटा येथे हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी तर जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभारले आहे. आपल्याला मात्र सायकल नुसती मांडून ठेवायची नाही, चालवायची आहे.

माझ्याकडे अशा पाच जुन्या सायकली आहेत. त्यांच्यावरून सांगतो.

आधी फ्रेम पाहा

फ्रेमला लोहचुंबक लावा. चिकटला तर फ्रेम पोलादाची. हँडलखालच्या सांध्यांपाशी व पायडलच्या धुरीपाशी रंगाखाली तडा दिसतो का, ते उजेडात पाहा. वरवरचा गंज घासून जातो. पोलादी नळीचा तडा जाणता कारागीर जोडू शकतो, पण चिमट्याला तडा असेल तर चिमटा बदलाच. एखादा जुना सुटा भाग बाजारात मिळत नसेल, तर उद्यमनगरात लेथवर तसा करून घेता येतो.

चेन आणि हब

चेनच्या एका पिनेवर पट्टीचे शून्य धरा. तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली पाहिजे. अर्धा सूत पुढे गेली तर चेन बदला. पूर्ण सूत पुढे गेली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजले आहेत असे समजा. नवी चेन झिजल्या दात्यांवर घसरते, आणि चढावर पायडल एकदम सुटले की माणूस तोंडावर पडतो.

पावसाळा संपला, की दोन्ही हब उघडा. बहुतेक सायकलींत मागे बाजूला नऊ-नऊ आणि पुढे दहा-दहा छर्रे असतात. मोजून काढा, डिझेलने धुवा, कोरडे करा आणि नवे ग्रीस भरा. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, हे विसरू नका.

टायर घेताना नुसते ‘२६ इंची’ म्हणू नका. साध्या सायकलचे २६ × १⅜ मापाचे टायर या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला ५५९ हा आकडा असेल तेच घ्या.

ठेवावी कुठे?

हे मी शेतीखात्याचा माणूस म्हणून सांगतो. खताच्या पोत्यांशेजारी सायकल ठेवू नका. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक क्षारच. तो ओल धरतो आणि लोखंड खातो. गोठ्यातली ओलही तशीच वाईट. सोप्यात किंवा माळ्यावर कोरड्या जागी टांगा. सीटची दांडी वर्षातून एकदा काढून तिला ग्रीस लावा, नाही तर ती नळीत कायमची बसते. धुताना मोटारीच्या पाइपाची धार हबवर मारू नका. पाणी आत शिरून छर्रे गंजतात.

चालवताना

पन्हाळ्याचा घाट असो की शेताकडचा चढ, चढण लागण्यापूर्वीच गिअर हलका करा. जोर लावलेला असताना गिअर बदलला, तर चेन उतरते वा तुटते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक दाबा-सोडा करत या. ब्रेकचे रबर जुने होऊन काचेसारखे कडक झाले असेल, तर ते बदलल्याशिवाय घाट उतरू नका.

काळ्या रानातला चिखल जाड टायर व चिमटा यांच्यामध्ये थापला जातो आणि चाक अडते. अशा वेळी उतरून काडीने चिखल काढावा. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय, आणि अंधार पडल्यावर, मुलांना पाठवू नका. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आधी सपाट रस्त्यावर सवय करावी. छातीचा वा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावे.

सायकल एकच असो वा पाच, प्रत्येक सायकल आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर निघाली पाहिजे. उभ्या सायकलचे टायर तडकतात, ग्रीस घट्ट होते. बसून राहिलेल्या बैलाचे खूर वाढतात, तसेच हे.

तेव्हा या रविवारी पेंडीची पोती बाजूला सारा. पाना, डिझेलचा डबा आणि जुने फडके घ्या, आणि पोरांना, विशेषतः मुलींना, शेजारी बसवा. छर्रे त्यांच्याच हातांनी मोजून घ्या. ज्या मुलीला आपली सायकल स्वतः दुरुस्त करता येते, तिची शाळा एस.टी.वाचून अडत नाही.