दूरध्वनीवरचे बोलणे टिपले कसे जाते?

अशी कल्पना करा की रात्री एका घराला आग लागली आहे. घाबरलेला माणूस ११२ क्रमांकावर फोन करतो, घाईघाईने पत्ता सांगतो आणि फोन बंद पडतो. पलीकडच्या कर्मचाऱ्याला गल्लीचे नाव नीट ऐकू आलेले नाही. अशा वेळी ध्वनिमुद्रित संभाषण चटकन शोधून पुन्हा ऐकणे, हा मोठाच आधार असतो. परंतु फोन जोडून देणारी यंत्रणा एका कंपनीची आणि ध्वनिमुद्रण करणारी दुसऱ्याच कंपनीची, असे पुष्कळदा असते. मग या दोघींचे जमते कसे?

दूरध्वनीवरचे बोलणे मुद्रित करण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज टिपणारे यंत्र बनवले. त्या काळी आवाज विद्युत्प्रवाहाच्या चढउतारांच्या रूपाने तारांतून वाहत असे. त्यामुळे पुढेही कित्येक वर्षे मुद्रणयंत्र तारांना जोडले की काम भागत असे.

आता आवाज बहुधा अंकांच्या रूपाने जातो. ‘जी.७११’ या प्रचलित पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात व प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहितात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे अंक लहान लहान पुडक्यांत बांधून संगणकांच्या जाळ्यातून पाठवले जातात. वाटेत या पुडक्यांची नक्कल काढता येते खरी, पण ती सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतील तर किल्लीवाचून नक्कल निरुपयोगी ठरते.

यावर तोडगा असा, की फोन जोडणाऱ्या यंत्रणेनेच मुद्रणयंत्राला सारे काही आपण होऊन सांगावे. त्यासाठी ‘सिपरेक’ नावाची पद्धती २०१६ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे नियम सर्वांना खुले असल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडता येतात. या पद्धतीत फोन जोडणारी यंत्रणा मुद्रणयंत्राला जणू एक स्वतंत्र फोन लावते. त्यावरून दोघांच्या आवाजांच्या नकला वेगवेगळ्या प्रवाहांनी जातात आणि सोबत एक माहितीची चिठ्ठी जाते. बोलणारे कोण, कोणता आवाज कोणाचा, कोण केव्हा सामील झाले, हे तीत लिहिलेले असते.

ही चिठ्ठी आवाजाइतकीच महत्त्वाची आहे. तिच्यावाचून मुद्रित संभाषणे म्हणजे नोंदवही नसलेले ग्रंथालय! दोन्ही यंत्रांची घड्याळेही जुळलेली हवीत. त्यांत पाच मिनिटांचा फरक असेल, तर आगीची खबर देणारा फोन भलत्याच वेळेच्या नोंदींत शोधला जाईल.

आता थोडे गणित करू. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे एका बाजूचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट, अर्थात तासाला २ कोटी ८८ लाख बाइट जागा घेतो. दोन्ही बाजूंना मिळून एका दिवसाला किती जागा लागेल, ते तुम्हीच काढा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोलणाऱ्याच्या फोनला ‘मुद्रण चालू आहे’ असे कळवण्याची सोयही या नियमांत केलेली आहे. आपले बोलणे टिपले जात आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे, नाही का?