दक्षिण महासागरावरील एक दिवस

दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांपासून साउथ जॉर्जिया हे बेट सुमारे १४०० किलोमीटर दूर आहे. वन्य प्राण्यांच्या निरीक्षणासाठी निघालेल्या जहाजास हे अंतर तोडण्यास साधारणतः दोन दिवस लागतात. ह्या काळात जमीन दृष्टीस पडत नाही. तथापि असा दिवस वाया जात नाही.

सकाळी प्रवासी दुर्बिणी घेऊन जहाजाच्या मागील बाजूस उभे राहतात. जहाजामागून अल्बट्रॉस पक्षी येत असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या जातीच्या पक्ष्याने पंख पसरले असता त्यांची रुंदी साडेतीन मीटरपर्यंत भरते. एवढा मोठा पक्षी पंख न फडफडविता दीर्घकाळ कसा उडतो? लाटांजवळ वारा मंद व वर वेगवान असतो. पक्षी वाऱ्यास सामोरा होऊन वर चढतो, वळून वाऱ्याबरोबर खाली उतरतो, आणि ह्या फरकातूनच गती मिळवितो.

वाटेत एके ठिकाणी समुद्राच्या पाण्याचे उष्णतामान काही अंशांनी उतरते. पुष्कळदा धुकेही दाटते. येथे दक्षिणेचे थंड पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याखाली शिरते. ही अदृश्य सीमा ओलांडली की क्रिल ह्या कोळंबीसारख्या जिवावर पोसणाऱ्या देवमाशांचे व पेंग्विनांचे क्षेत्र सुरू होते.

दुपारी जहाजावरील तज्ज्ञांचे व्याख्यान होते. जहाजामागे येण्याची सवयच अल्बट्रॉसच्या जिवावर बेतते. मासेमारीच्या लांब दोरांवरील गळांचे आमिष गिळताना तो अडकतो व बुडतो. ही मोठी जात दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालीत असल्याने ही हानी लवकर भरून निघत नाही. उपाय मात्र साधे आहेत: दोर रात्री सोडणे, त्यांस वजन बांधणे व पक्ष्यांना बुजविणाऱ्या फिती लावणे. साउथ जॉर्जियाभोवती हे नियम पाळले गेल्यावर असे मृत्यू जवळजवळ थांबले. परंतु पक्षी दूरवर जातात आणि सर्वत्र हे नियम पाळले जात नाहीत; म्हणून त्यांची संख्या अद्याप घटतच आहे.

सायंकाळी प्रत्येकाच्या बुटांचे तळ, खिसे व शिवणी तपासून त्यांतील माती व बी काढून टाकतात. ही खबरदारी अनाठायी नव्हे. पूर्वी सील व देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून ह्या बेटावर उंदीर पोचले व त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिले फस्त केली. अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर २०१८ साली बेट उंदीरमुक्त घोषित झाले.

निष्काळजीपणाने झालेली हानी शिस्तीने रोखता येते, हा ह्या दिवसाचा धडा होय. शिक्षकांनी शाळेच्या अंगणात साडेतीन मीटरची रेघ आखून तिच्याशेजारी मुलांना हात पसरून उभे करावे. पक्ष्याची थोरवी मुलांच्या ध्यानी आली, म्हणजे त्याच्या रक्षणाची गोष्ट त्यांना निराळी सांगावी लागणार नाही.